पोशाख, पत आणि पारख

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण मूळची हिंदी असली तरी आपल्या मराठी घरांतून ती इतकी रुळली आहे की, लग्नाचा बस्ता बांधावयास निघालेल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी ती बोलून दाखवितोच. त्याच घरांतून 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' हेही ऐकू येते, आणि एकाच वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून दोन्ही ऐकताना आपणांस त्यात काही वावगे वाटत नाही. आमच्या सीमाभागात कन्नडची भर पडते. 'होट्टेगे हिट्टिल्लदिद्दरू जुट्टिगे मल्लिगे हूवु', म्हणजे पोटाला पीठ नसले तरी शेंडीला मोगऱ्याचे फूल हवेच! म्हणींची साक्ष अशी उलटसुलट असल्याने ती बाजूस ठेवून, वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी या नात्याने मी हा प्रश्न जमाखर्चाच्या अंगाने पाहावयाचे ठरविले आहे. समोरच्याच्या कपड्यांवरून त्याची पत आणि त्याचे चारित्र्य ठरविण्याचा व्यवहार आपण रोज करतो. तो अखेर नफ्यात पडतो की तोट्यात?

प्रथम कर्नाटकातीलच काही घटना पाहू. जानेवारी २०२२ मध्ये तुमकूर येथे एक तरुण शेतकरी मालवाहू गाडी घेण्यासाठी मोटारींच्या शोरूममध्ये गेला. गाडीची किंमत सुमारे दहा लाख रुपये. त्याचा एकंदर वेष पाहून तेथील सेल्समनने, तुझ्या खिशात दहा रुपये तरी आहेत काय, अशा अर्थाचे उद्गार काढले. तो शेतकरी गेला आणि थोड्याच वेळात दहा लाख रुपये रोख घेऊन परत आला. आता पाळी शोरूमची होती, कारण त्या दिवशी देण्यास त्यांच्याकडे गाडीच नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळूरच्या राजाजीनगर मेट्रो स्थानकावर डोक्यावर गाठोडे घेतलेल्या एका शेतकऱ्याला मळक्या कपड्यांमुळे अडविण्यात आले. त्याच्या हाती तिकीट होते. इतर प्रवाशांनी भांडून त्याला आत नेले आणि पुढे संबंधित सुरक्षा पर्यवेक्षकास कामावरून काढण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये हावेरी जिल्ह्यातील एक वृद्ध शेतकरी मुलासोबत बंगळूरच्या एका मॉलमध्ये चित्रपट पाहावयास गेला असता, धोतर नेसला आहे या कारणाने त्यास प्रवेश नाकारला गेला. धोतर मळके नव्हते, फाटके नव्हते. केवळ धोतर होते. राज्य शासनाने तो मॉल सात दिवस बंद ठेवावयास लावला.

या घटना वाचून आपण हळहळतो आणि गरिबाचा अपमान झाला म्हणून चार शब्द बोलतो. ते योग्यच आहे. परंतु तुमकूरचा शेतकरी त्या अर्थाने गरीब नव्हता, हावेरीच्या वृद्धाने तिकिटाचे पैसे दिलेले होते, आणि राजाजीनगरच्या प्रवाशाकडेही वैध तिकीट होते. तेव्हा येथे दयेचा प्रश्न नसून चुकीच्या हिशेबाचा आहे, असे मला वाटते. माल आहे, गिऱ्हाईक आहे, पैसा आहे, आणि तरीही व्यवहार होत नाही, हे कोणत्या व्यापाराचे लक्षण?

अर्थशास्त्रात या प्रकारचा विचार झालेला आहे. विक्रेता आणि ग्राहक यांपैकी एकाला माहिती असते व दुसऱ्याला नसते, तेव्हा बाजार कसा बिघडतो हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. त्यानंतर १९७३ साली मायकेल स्पेन्स यांनी नोकरीच्या बाजारासंबंधी निबंध लिहिला. मालकाला उमेदवाराची खरी कुवत डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तो बाहेरच्या खुणा पाहतो. या खुणेला स्पेन्स यांनी एक अट घातली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या अंगी गुण आहे त्याला ती खूण मिळविणे सोपे पडावे आणि ज्याच्या अंगी तो नाही त्याला ती महाग पडावी. असे असेल तरच खूण उपयोगाची. सगळ्यांनाच ती सारख्या भावात मिळू लागली तर तिच्यावरून काहीच कळत नाही. (पुढे २००१ साली या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.)

ही अट कपड्यांना लावून पाहा. एके काळी कपडा ही खरोखरच महाग वस्तू होती. शिवाय समाजाने ही खूण कायद्याने आणि दंडुक्याने राखलेली होती. इंग्लंडात कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते वस्त्र वापरावे याचे कायदे होते व ते १६०४ साली रद्द झाले. आपल्याकडे त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना छाती झाकण्याचा अधिकार मिळविण्यासाठी दीर्घ झगडा करावा लागला आणि १८५९ साली तशी राजाज्ञा निघाली. पगडीच्या घाटावरून माणसाची जात व धंदा ओळखता येत असे, याचे आपण मोठ्या कौतुकाने वर्णन करतो. परंतु ते शक्य होते, कारण दुसऱ्याची पगडी घालण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. थोडक्यात, कपडे माणसाविषयी खरे बोलत, कारण त्यांना खोटे बोलू दिले जात नव्हते.

थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली आपल्या ग्रंथात पोशाखावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. उंची व नाजूक पोशाखाचा अर्थ केवळ 'मी खर्च करू शकतो' एवढाच नसून 'मला हाताने काम करावे लागत नाही' असाही असतो, हे त्यांचे म्हणणे. आमच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत हे रोज पाहावयास मिळते. मागाच्या खडखडाटात लुंगी आणि बनियन घातलेला विणकर जी साडी विणतो, ती नेसून बसलेली बाई दुकानात मानाने बसते, आणि तो विणकर त्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून गेला तर त्याला स्वस्त कप्पा दाखविला जातो. हाताने काम करणाऱ्याच्या कपड्यांना कामाचे डाग पडणारच. त्या डागाला आपण दारिद्र्याची खूण मानतो. वास्तविक ती उत्पन्नाची खूण आहे.

कपड्यांची ही भाषा आपल्या थोर पुरुषांनी चांगलीच ओळखली होती. १८८८ साली पुण्यात राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले जरीच्या पोशाखातील प्रतिष्ठितांच्या मेळाव्यात शेतकऱ्याच्या फाटक्यातुटक्या वेषात गेले, आणि येथे जमलेली ही दागिन्यांनी मढलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, अशा आशयाचे त्यांनी पाहुण्यांना सुनावले. महात्मा गांधींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेला सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. परदेशी कापड टाकून द्या असे म्हटले तर खादी घेण्यास पैसे नाहीत, असे सांगणाऱ्या लोकांपुढे त्यांना अधिक कापड अंगावर ठेवणे अवघड वाटले. डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. त्याचे अध्यक्ष पंच्यातच होते, ही गोष्ट टिळकवाडीतून जाताना मला अनेकदा आठवते. पुढे १९३१ साली ते तशाच वेषात बकिंगहॅम राजवाड्यात चहाला गेले, आणि त्याच वर्षी चर्चिल यांनी 'अर्धनग्न फकीर' म्हणून त्यांची हेटाळणी केली होती.

येथवरची उदाहरणे आपल्या पाठ्यपुस्तकी भाषणांत नेहमी येतात व त्यांचे तात्पर्य 'साधी राहणी' असे काढले जाते. मला ते अपुरे वाटते. कारण याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तम शिवलेला सूट वापरीत होते आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की, ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ते टाकून द्या आणि वरच्या वर्गातील स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा. एकाने कपडे उतरविले, दुसऱ्याने चढविले. विरोध दिसतो, परंतु दोघांनाही एकच गोष्ट पक्की ठाऊक होती की लोक माणसाकडे पाहत नाहीत, कपड्याकडे पाहतात. ज्याच्यापाशी सूट घालण्याची सोय होती त्याने तो टाकला तर त्यास त्याग म्हणतात. ज्याच्यावर चिंध्या लादलेल्या होत्या त्याने त्या अंगावर ठेवल्या तर त्यास कोण त्याग म्हणेल? म्हणून वसतिगृहात राहणाऱ्या खेड्यातील मुलाने एक बरा शर्ट शिवला की त्याला 'साधेपणा शीक' असा उपदेश करणाऱ्यांविषयी मला थोडी शंकाच येते. असो.

आता खूण स्वस्त झाली म्हणजे काय होते ते पाहू. तयार कपडे हप्त्यावर मिळतात, शेरवानी आणि ब्लेझर भाड्याने मिळतात. संख्याशास्त्रात आपण दोन प्रकारच्या चुका शिकतो. खरे असलेले नाकारणे ही पहिली, आणि खोटे असलेले स्वीकारणे ही दुसरी. मॉलच्या दारातील घटना पहिल्या प्रकारची. वर्तमानपत्रे तिच्यावर लिहितात, कारण त्यात अपमान डोळ्यांना दिसतो. दुसऱ्या प्रकारच्या चुकीत मात्र फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, आणि माझ्या मते पैशाच्या दृष्टीने तीच भारी आहे.

'डिजिटल अटक' या नावाने जी लूट अलीकडे चालली आहे तिचे सारे भांडवल वेष हेच आहे. व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेषातील माणूस दिसतो, त्याच्यामागे पोलीस ठाण्यासारखी सजावट असते, आणि शिकलेसवरलेले लोक घरातच स्वतःला कैदी समजून पैसे पाठवीत राहतात. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना आपल्या आकाशवाणीवरील भाषणात, कायद्यात अशी काही अटकच नाही, असे सांगावे लागले. त्या वेळी ऐकविलेला नमुन्याचा संवाद आपल्या शेजारच्या विजयपुरातील एका गृहस्थाला आलेल्या कॉलचा होता. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या एका बड्या कापडउद्योगाच्या वयोवृद्ध प्रमुखांना चोरट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीच भरवून सात कोटी रुपयांना फसविले. ज्यांनी उभे आयुष्य कापडाच्या धंद्यात काढले त्यांनाही सोंग ओळखता आले नाही. वेष म्हणजे केवळ अंगावरचे कापड नव्हे. मागचा पडदा, टेबलावरचा हातोडा, इंग्रजीतील करडा आवाज हाही वेषच. (इंग्रजी उच्चार हा तर आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांना सर्वांत महाग पडणारा पोशाख! पण तो विषय वेगळा.)

मागील उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ओळखीच्या एका कापड दुकानात हिशेब लिहिण्याचे काम केले. बिले संगणकावर निघत. उधारीची वही मात्र अजून लाल बासनात आणि हाताने लिहिलेली. वैशाखातील एका दुपारी खेड्यातले एक जोडपे आले. धोतराला मातीचे डाग, वहाणा चिखलाने भरलेल्या. नव्या सेल्समनने न विचारता त्यांना कोपऱ्यातील सवलतीच्या ढिगाकडे पाठविले. दुकानातले जुने गुमास्ते तेवढ्यात जागचे उठले आणि म्हणाले, "या मालक, बसा. पाणी घ्या. लग्न घरचं काय पावण्याचं?" त्यावर ती बाई हसली आणि म्हणाली, "घरचंच की. थोरलीचं." अडीच तास गादीवर ताग्यांचा ढीग पडत होता, आणि बिल झाले ते पूर्ण रोख. नंतर मी गुमास्त्यांना विचारले, "काका, तुम्ही कसं ओळखलंत?" ते म्हणाले, "ओळखलं कुठं रे? विचारलं की."

याच दुकानाच्या उधारीच्या वहीत, ज्यांना थंड पेय मागविले जाते व पंख्याखालची जागा दिली जाते अशा मंडळींपैकी काहींची नावे दोन-दोन दिवाळ्यांपूर्वीच्या बाकीसह उभी होती. एका दुकानाच्या एका हंगामावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला मान्य आहे. तथापि त्या वहीवरून एवढे दिसले की, उधारी देताना दुकानदार ज्या गोष्टीला पत समजला होता ती पत नव्हती. बँकिंगच्या पुस्तकात कर्जदाराचे चारित्र्य, परतफेडीची कुवत आणि भांडवल या तीन गोष्टी पाहा असे सांगितले आहे. इस्त्रीचा उल्लेख कोठेही नाही.

पतीचा हिशेब चुकला तर पैसा जातो. चारित्र्याचा हिशेब चुकला तर काय जाते हे आपल्या भगिनींना विचारावे. मुलाच्या कपड्यांवरून त्याचा खिसा मोजला जातो, मुलीच्या कपड्यांवरून तिची वागणूक. आणि मोजणाऱ्यांत शिकलेली माणसे मागे नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये केरळातील कोळिकोडच्या सत्र न्यायालयाने एका खटल्यात जामीन देताना तक्रारदार स्त्रीच्या पोशाखाविषयी शेरे मारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केरळ उच्च न्यायालयाने ते शेरे वगळले. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ च्या निकालातच अशा प्रकरणांत जामिनाच्या आदेशात स्त्रीचा पोशाख, वागणूक किंवा पूर्वायुष्य यांची चर्चा येऊ नये असे बजावले होते. न्यायासनावर बसलेल्यांनाही ही सूचना लेखी द्यावी लागते, तर बसथांब्यावर उभे राहून शेरे मारणाऱ्या आमच्या मित्रांकडून काय अपेक्षा करावी? ज्या मुलींना आम्ही वर्गात प्रथम श्रेणी मिळविताना पाहतो, त्यांच्याविषयी ओढणीच्या लांबीवरून मत बनविणे हा मला निव्वळ आळस वाटतो.

येथे कोणी म्हणेल की कपड्यांवरून काहीच कळत नाही असे कसे? परिचारिकेचा गणवेष, बसवाहकाचा खाकी सदरा यांवरून आपण माणूस ओळखतोच. खरे आहे, परंतु तेथे आपण त्या माणसाचे काम ओळखतो, त्याची किंमत करीत नाही. नीटनेटकेपणाबद्दलही असेच म्हटले जाते की त्याला पैसा लागत नाही. ज्या खोलीत चौघांत एक नळ आहे आणि कपड्यांचे दोनच जोड आहेत, तेथे पावसाळ्यात त्याला किती पैसा लागतो हे वसतिगृहातील कोणीही सांगेल.

मग उपाय काय? सज्जनपणे 'मी कपडे पाहणारच नाही' असे ठरवून भागेल काय? दुर्दैवाने तसे दिसत नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी चेहरे दाखविले. कपडे किंचित श्रीमंत वा किंचित गरीब वाटणारे. किंचित श्रीमंत कपड्यांतील चेहरे लोकांना अधिक कर्तबगार वाटले. चित्र अवघे १२९ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी वेळ, दाखविले तरी तोच परिणाम. कपड्यांकडे दुर्लक्ष करा असे सांगितले, बरोबर उत्तराला बक्षीस ठेवले, तरी तो गेला नाही. याचा अर्थ डोळा मनाच्या आधी निकाल देऊन मोकळा होतो. तेव्हा उपदेशावर भिस्त न ठेवता व्यवहाराची पद्धतच बदलली पाहिजे.

कायद्याची मदत थोडी होते. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे इत्यादी ठिकाणी प्रवेश देताना धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई आहे. त्या यादीत पोशाख नाही. जुलै २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबने उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्याबद्दल परत पाठविले, तेव्हा तामिळनाडू विधिमंडळाने पुढच्याच महिन्यात भारतीय पारंपरिक वेषातील व्यक्तीस प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविणारा कायदा केला. न्यायमूर्तींना अडविले म्हणून कायदा लवकर झाला, हे सांगितलेच पाहिजे. आणि कायद्याने दार उघडेल. आत गेल्यावर कोणता कप्पा दाखवायचा हे कायदा ठरवू शकत नाही.

पद्धतीचे उदाहरण म्हणाल तर ते आपल्या परीक्षेतच आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला आपले नाव दिसत नाही, शर्टही दिसत नाही. आसन क्रमांकावर गुण पडतात आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. परंतु तोच विद्यार्थी अंतिम वर्षात नोकरीच्या मुलाखतीस बसतो, तेव्हा मित्राचा ब्लेझर मागून आणतो. खानापूर, बैलहोंगल, चंदगड या भागांतून एसटीने रोज येणाऱ्या माझ्या वर्गमित्रांपैकी दोघे या वर्षी मुलाखतीला गेलेच नाहीत. लेखापालनात ते माझ्यापेक्षा चांगले आहेत. एकाने कारण सांगितले ते बुटांचे.

आपल्या महाविद्यालयातही कंपन्या येण्याआधी सराव-मुलाखती घेतल्या जातात. माझी प्राध्यापक महोदयांस विनंती आहे की, येत्या वर्षी त्यांतील पहिली फेरी लेखी ठेवावी. ताळेबंद, जीएसटीचे एखादे विवरणपत्र, व्यापारी पत्र, आणि वर नावाऐवजी केवळ क्रमांक. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारणारे आणि उमेदवार यांच्यामध्ये पडदा असावा. पडद्यासाठी खर्च नको. स्नेहसंमेलनाचा हिरवा पडदा क्रीडा विभागाच्या खोलीत वर्षभर घडी घालून पडलेला असतो. कंपन्यांना ही पद्धत पटेल की नाही हे नंतर पाहता येईल. निदान पहिल्या दोन फेऱ्यांना कोण कोणत्या बुटांत आले होते, हे निकाल लागेपर्यंत कोणास कळणार नाही.